इंग्रजी शब्दांचे मूळ आणि कूळ

इंग्रजी ही कुळाने जर्मानिक भाषा आहे. तिची सर्वनामे, तिच्या व्याकरणाचा सांगाडा आणि खाणे-पिणे, येणे-जाणे, देणे-घेणे यांसाठीची तिची नित्याची क्रियापदे डच आणि जर्मन यांच्या भावकीतली आहेत. तिच्या शब्दकोशाची मोजदाद केली की मात्र निराळेच चित्र समोर येते. थॉमस फिंकेनश्टेट आणि डीटर वोल्फ या अभ्यासकांनी १९७३ मध्ये ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ कोशातील सुमारे ८० हजार शब्दांच्या व्युत्पत्तीचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात फ्रेंचमधून आलेले शब्द सुमारे २८ टक्के, थेट लॅटिनमधून आलेले जवळजवळ तेवढेच, आणि जर्मानिक शब्द अवघे २५ टक्के भरले. फ्रेंच ही स्वतः लॅटिनपासूनच निपजलेली भाषा असल्याने इंग्रजी कोशाचा निम्मा भाग शेवटी एकाच उगमाशी जाऊन पोहोचतो.

कोशातील शब्दसंख्या आणि बोलण्यातील वापर ही मापे अर्थातच वेगळी आहेत. सर्वाधिक वेळा कानावर पडणारे शंभर इंग्रजी शब्द वेगळे काढले, तर त्यांतले जवळजवळ सर्व जर्मानिकच निघतात, आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांत मराठी विद्यार्थ्याची गाठ पडते ती मुख्यतः याच थराशी. पुढे तो वृत्तपत्राचा अग्रलेख, बँकेचा करारनामा, कायद्याचे किंवा अर्थशास्त्राचे पुस्तक वाचू लागतो तेव्हा दुसरा थर सुरू होतो आणि तेथेच बहुतेकांची गाडी अडते. मग वहीत एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ अशा याद्या तयार होतात, त्या पाठ होतात आणि महिन्याभरात पुसल्याही जातात, कारण यादीतल्या एका शब्दाचा दुसऱ्याशी काहीच संबंध नसतो. या दुसऱ्या थराला मूळ आणि कूळ धरून भिडणे अधिक फलदायी असते. आणि धातू, उपसर्ग, प्रत्यय, संधी ही सारी यंत्रणा संस्कृतोद्भव शब्दांमुळे मराठी वाचकाच्या अंगवळणी आधीच पडलेली असल्याने, या अभ्यासात तो इतर अनेक भाषिकांपेक्षा अनुकूल जागी उभा असतो. ही अनुकूलता आपल्या शिक्षणात फारशी वापरली जात नाही, हे खेदाचे आहे.

लॅटिन शब्द इंग्रजीत एकाच वेळी आले नाहीत, आणि कोणता शब्द केव्हा आला हे कळले की त्याचे रूप असे का, हेही उलगडते. अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्या ब्रिटनमध्ये उतरण्यापूर्वी, युरोपच्या मुख्य भूमीवर असतानाच, रोमन सैनिक आणि व्यापारी यांच्या सहवासातून त्यांनी ‘वाइन’, ‘स्ट्रीट’, ‘वॉल’, ‘चीज’, ‘माइल’ असे शब्द उचलले होते. ते आज इतके घरचे झाले आहेत की त्यांचे परकेपण कुणाला जाणवत नाही. इसवी सन ५९७ मध्ये ऑगस्टीनचे धर्मप्रचारक पथक केंटमध्ये पोहोचल्यानंतर ‘ऑल्टर’, ‘कँडल’, ‘स्कूल’ यांसारख्या शब्दांची भर पडली. परंतु इंग्रजीचा चेहरामोहरा बदलणारी घटना घडली ती १०६६ मध्ये, जेव्हा नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जच्या लढाईत विजय मिळवून इंग्लंडचे राज्य घेतले, आणि पुढची सुमारे तीन शतके दरबार, न्यायालय व उमरावांची घरे येथे फ्रेंच भाषा नांदू लागली. ‘पार्लमेंट’, ‘गव्हर्नमेंट’, ‘टॅक्स’, ‘जज’, ‘ज्युरी’, ‘प्लेंटिफ’, ‘अटर्नी’ हे सारे शब्द त्या काळाची देणगी होत. निकालासाठीचा ‘व्हर्डिक्ट’ हा शब्द मुळात ‘खरे बोलणे’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दजोडीतून आला, आणि ‘मॉर्गेज’ म्हणजे अक्षरशः ‘मृत गहाण’. त्यातले न उच्चारले जाणारे ‘टी’ हे अक्षर ‘मॉर्टल’मधल्या मृत्युवाचक धातूचाच अवशेष आहे. १३६२ मध्ये न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, कारण फ्रेंच लोकांना समजेनाशी झाली आहे, असा कायदा झाला खरा, पण तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिला गेला, आणि वकिलांची फ्रेंच तर अठराव्या शतकापर्यंत टिकून राहिली. मध्ययुगीन इंग्रजीत आलेल्या फ्रेंच शब्दांची संख्या १० हजारांच्या घरात जाते आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजही वापरात आहेत, असा भाषेतिहासकार आल्बर्ट बॉ यांचा अंदाज आहे.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. कायदा, वकील, फिर्याद, जामीन, तारीख, मुदत हे मराठी कचेरीतले शब्द अरबी-फारसीतून ज्या कारणाने आले, त्याच कारणाने इंग्रजी न्यायालयात फ्रेंच शब्द आले. राज्य ज्या भाषेत चालते, तिचे शब्द कागदपत्रांत कायमचे घर करतात. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले, तसा देशी शब्दांचा आग्रह इंग्लंडमध्येही सोळाव्या शतकात धरला गेला होता. प्रबोधनकाळात विद्वान मंडळी लॅटिन ग्रंथांतून शब्द थेट उचलून इंग्रजीत आणू लागली, तेव्हा केंब्रिजचे ग्रीकचे प्राध्यापक सर जॉन चीक यांनी १५५७ च्या एका पत्रात इंग्रजी शुद्ध राखावी असे आग्रहाने मांडले, आणि बायबलच्या आपल्या भाषांतरात पुनरुत्थानासाठी ‘रेझरेक्शन’ऐवजी ‘गेनरायझिंग’ असा देशी शब्द घडवला. त्यांचे शब्द टिकले नाहीत. लॅटिन शब्द टिकले. पण ते सामान्य इंग्रज माणसालाही इतके अवघड जात, की रॉबर्ट कॉड्री यांनी १६०४ मध्ये सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचा अर्थ सोप्या इंग्रजीत देणारे पुस्तक काढले, आणि इंग्रजीतला पहिला एकभाषिक कोश म्हणून आज त्याचीच गणना होते. आज ज्या शब्दांपाशी मराठी विद्यार्थी अडखळतो, त्याच प्रकारच्या शब्दांपाशी एके काळी इंग्रजही अडखळत होते.

या इतिहासाचा एक परिणाम विद्यार्थ्याला पदोपदी जाणवतो: इंग्रजीत अनेकदा नाम एका कुळातले आणि त्याचे विशेषण दुसऱ्या कुळातले असते. दाताला ‘टूथ’ पण दातांविषयीच्या गोष्टीला ‘डेंटल’, हाताला ‘हँड’ पण हाताने केलेल्या कामाला ‘मॅन्युअल’, चंद्राला ‘मून’ पण चांद्र या अर्थी ‘लूनर’, समुद्राला ‘सी’ पण सागरी या अर्थी ‘मरीन’, भावाला ‘ब्रदर’ पण बंधुत्वाच्या नात्याला ‘फ्रॅटर्नल’. नाम पाठ केल्याने विशेषण येत नाही, अशी तक्रार यातून निघते. पण मराठीतही हीच व्यवस्था आहे. दात दुखला तरी माणूस जातो दंतवैद्याकडे, हाताने लिहिलेले ते हस्तलिखित, डोळ्यांचा डॉक्टर तो नेत्रतज्ज्ञ, घरासाठीचे कर्ज ते गृहकर्ज, आग विझवणारे ते अग्निशमन दल. बोलीतला शब्द तद्भव आणि नव्या शब्दाची घडण तत्सम, ही मराठीची रीत ज्याला कळली, त्याला ‘टूथ’ आणि ‘डेंटल’ यांतली दरी फार रुंद वाटू नये. आणि ‘दंत’ व ‘डेंट’ हे तर मुळात एकाच घरचे शब्द आहेत.

लॅटिन शब्दाची रचना संस्कृत शब्दासारखीच असते: मध्ये धातू, पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय. ‘हृ’ या एकाच धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार असे परस्परांपासून दूरचे अर्थ असलेले शब्द तयार होतात, हे मराठीतल्या शालेय व्याकरणातही शिकवले जाते. वाहून नेणे या अर्थाचा लॅटिन धातू ‘फेर्‌’ हा नेमके असेच वागतो. ‘ट्रान्सफर’ म्हणजे पलीकडे नेणे, ‘रेफर’ म्हणजे मागे नेणे, ‘प्रिफर’ म्हणजे पुढे ठेवणे, ‘ऑफर’ म्हणजे समोर आणणे, ‘सफर’ म्हणजे खालून भार वाहणे, ‘इन्फर’ म्हणजे एखाद्या गोष्टीतून निष्कर्षाकडे जाणे. ‘फेर्‌’ आणि संस्कृत ‘भृ’, ज्यापासून भार, भरण, भर हे शब्द झाले, हे सहोदर धातू आहेत. या धातूचे भूतकाळवाचक रूप मात्र ‘लातुस’ असे सर्वस्वी वेगळे आहे, आणि म्हणून ‘ट्रान्सफर’ आणि ‘ट्रान्सलेट’ हे दोन शब्द एकाच क्रियापदाची दोन रूपे ठरतात. मराठीत ‘जातो’ आणि ‘गेला’ यांचे नाते असेच आहे; दोन वेगळ्या धातूंची रूपे एका क्रियापदाने वाटून घेतली आहेत.

‘फेर्‌’ हा अपवाद वगळला तरी, प्रत्येक महत्त्वाच्या लॅटिन क्रियापदाची दोन रूपे लक्षात ठेवणे हे या अभ्यासातले सर्वांत लाभदायक काम आहे. एक वर्तमानाचे अंग आणि दुसरे कर्मणि भूतकृदन्ताचे, म्हणजे ‘केलेले, झालेले’ अशा अर्थाचे. संस्कृतात युज्–युक्त, मुच्–मुक्त, दृश्–दृष्ट अशा जोड्या ‘त’ प्रत्ययाने तयार होतात, आणि लॅटिनमधला ‘तुस’ हा प्रत्यय त्याच ‘त’चा भाऊ आहे. यामुळेच इंग्रजीत ‘डिस्क्राइब’चे नाम ‘डिस्क्रिप्शन’ होते, ‘सबमिट’चे ‘सबमिशन’, ‘कन्व्हर्ट’ला जोडून ‘कन्व्हर्शन’ आणि ‘फ्रॅजाइल’च्या घरात ‘फ्रॅक्चर’. वरवर पाहता ही रूपे लहरीने बदललेली वाटतात, पण प्रत्येक ठिकाणी जोडीतला पहिला शब्द पहिल्या अंगावरून आणि नाम दुसऱ्या अंगावरून घडलेले असते. स्वरांचे एक वळणही येथेच ध्यानात घ्यावे. प्राचीन लॅटिनमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडत असल्याने, उपसर्ग पुढे लागताच धातूमधला स्वर दुबळा होई. म्हणून ‘फॅक्ट’मधला ‘अ’ ‘परफेक्ट’मध्ये ‘ए’ होतो आणि ‘एफिशंट’मध्ये ‘इ’. करणे या अर्थाचा एकच धातू तीन स्वरांनी समोर येतो.

उपसर्गांच्या बाबतीत मराठी वाचकाची संधीची ओळख फार उपयोगी पडते. उत् आणि चार यांचा उच्चार होतो, उत् आणि लेख यांचा उल्लेख, उत् आणि नती यांची उन्नती. पुढच्या व्यंजनाच्या प्रभावाने ‘त्’ स्वतःचे रूप सोडून देतो. लॅटिनमधला ‘कडे’ या अर्थाचा ‘ॲड’ हा उपसर्गही असाच पुढच्या व्यंजनात विरघळतो: ‘ॲडहिअर’मध्ये तो जसाच्या तसा आहे, पण ‘अफर्म’, ‘अलोकेट’, ‘असिस्ट’, ‘अट्रॅक्ट’ यांत त्याचा ‘डी’ अनुक्रमे ‘एफ’, ‘एल’, ‘एस’ आणि ‘टी’ झालेला आहे. उच्चारात हे द्वित्व ऐकू येत नाही, पण स्पेलिंगमध्ये ते जपलेले असते, आणि शब्दाच्या आरंभी व्यंजन का जोडाक्षरासारखे दोनदा येते याचे उत्तर बहुधा याच संधीत सापडते. स्पर्धा परीक्षांत हमखास चुकणारा ‘अकॉमोडेट’ हा शब्द घ्यावा. त्यात ‘ॲड’, मग ‘सह’ या अर्थाचा ‘कॉम’ आणि मग माप या अर्थाचा ‘मोड’ असे तीन घटक आहेत. पहिल्या सांध्यावर ‘सी’ दोनदा येतो, दुसऱ्यावर ‘एम’ दोनदा येतो, आणि मोडच्या ‘डी’ला द्वित्वाचे काही कारणच नसते. हा शब्द एकदा असा सोडवून पाहणाऱ्याला त्याचे स्पेलिंग घोकावे लागत नाही.

एखाद्या कुळाचा पूर्ण विस्तार कसा असतो हे पाहण्यासाठी ‘स्पेक्’ हा पाहणे या अर्थाचा धातू उत्तम आहे. संस्कृतातील ‘स्पश्’ आणि ‘पश्य’ ही त्याचीच भावंडे. मराठीतला ‘स्पष्ट’ हा शब्द म्हणजे जे नीट दिसले ते. लॅटिनमधून थेट आलेल्या शब्दांत हा धातू उघडपणे दिसतो: ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे आत पाहणे, ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणजे पुढे पाहणे, ‘सस्पेक्ट’ म्हणजे खालून, चोरून पाहणे, ‘रिस्पेक्ट’ म्हणजे वळून पुन्हा पाहणे आणि त्यातून दखल घेणे, मान देणे. ‘कॉन्स्पिक्युअस’मध्ये वर सांगितलेल्या स्वरबदलाने ‘ए’चा ‘इ’ झाला आहे. ‘ऑस्पिशस’ या शुभवाचक शब्दाच्या आरंभी पक्षी या अर्थाचा ‘अव्हिस’ दडलेला आहे, कारण रोममध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरून शकुन पाहणारे अधिकृत शकुनज्ञ असत. इतके शब्द थोड्या सरावाने ओळखता येतात. पण याच कुळातले काही शब्द फ्रेंचच्या तोंडून आल्यामुळे वेषांतर करून वावरतात. तिरस्काराने खाली पाहणे या क्रियेपासून ‘डिस्पाइज’ झाला, आणि तिच्याच कृदन्तापासून ‘डिस्पाइट’ व आकसवाचक ‘स्पाइट’. ‘रिस्पेक्ट’चे फ्रेंच रूप ‘रिस्पाइट’ असे उतरले; पुन्हा विचार करण्यासाठी दिलेली सवलत, त्यावरून मुदतवाढ, आणि त्यावरून थोडा विसावा, असा त्याच्या अर्थाचा प्रवास आहे. सर्वांत लांबचा पल्ला गाठला तो ‘स्पीशीज’ने. दिसणारे रूप, त्यावरून प्रकार, आणि उत्तरकालीन लॅटिनमध्ये व्यापारी मालाचे प्रकार असा तो अर्थ सरकला, त्यात मसाल्यांचे जिन्नस आले, आणि त्याच शब्दाचे फ्रेंच रूप ‘स्पाइस’ होऊन इंग्रजीत आले. प्राणिशास्त्राच्या पुस्तकातली ‘स्पीशीज’ आणि किराणा दुकानातले ‘स्पाइस’ ही जुळी भावंडे आहेत.

केवळ लॅटिन धातूंची यादी देणारी पुस्तके अपुरी पडतात ती या वेषांतरापाशी. विद्यार्थ्याला फ्रेंचचे दोन-चार ध्वनिनियम माहीत असले तरच ते शब्द उघडतात. पकडणे, घेणे या अर्थाचा ‘काप्’ हा धातू लॅटिन वळणाच्या शब्दांत ‘कॅप्चर’, ‘कन्सेप्ट’, ‘रिसेप्शन’, ‘रेसिपियंट’ असा दिसतो, तर फ्रेंच वळणाच्या शब्दांत त्यातला ‘प’ झिजून ‘रिसीव्ह’, ‘कन्सीव्ह’, ‘डिसीव्ह’, ‘पर्सीव्ह’ अशी रूपे होतात. यांवरून झालेल्या ‘डिसीट’, ‘कन्सीट’ आणि ‘रिसीट’ या नामांचा शेवट इंग्रजीत उच्चाराने सारखाच आहे. तरीही ‘रिसीट’च्या स्पेलिंगमध्ये एक मुका ‘पी’ आहे आणि इतर दोघांत नाही, कारण लॅटिनचे भान ठेवणाऱ्या लेखकांनी तो एकाला बहाल केला आणि दुसऱ्यांत रुजला नाही. ‘डाउट’ आणि ‘डेट’ म्हणजे कर्ज, या दोन शब्दांतला मुका ‘बी’ही असाच मागाहून बसवलेला आहे. तो उच्चारासाठी निरुपयोगी असला तरी स्मरणासाठी मोलाचा आहे, कारण तोच ‘डाउट’ला ‘ड्यूबियस’शी आणि ‘डेट’ला ‘डेबिट’शी जोडून ठेवतो.

डोके या अर्थाचा ‘कापुत’ हा शब्द दुसरा नियम शिकवतो. त्यापासून ‘कॅपिटल’ आणि ‘कॅप्टन’ झाले हे सहज दिसते. पण लॅटिनमधला ‘का’ मध्य फ्रान्सच्या बोलीत ‘चा’ होत गेल्याने ‘चीफ’, ‘चॅप्टर’, ‘अचीव्ह’ आणि ‘शेफ’ हेही त्याच घरचे ठरतात. ‘हँडकरचीफ’ या शब्दाचा शेवटचा भाग म्हणजे डोके झाकायचे वस्त्र. नॉर्मंडीच्या बोलीत मात्र ‘का’ तसाच राहिला, आणि म्हणून संपत्ती या एकाच अर्थापासून निघालेले ‘कॅटल’, ‘चॅटल’ आणि ‘कॅपिटल’ हे तिन्ही शब्द इंग्रजीत शेजारी शेजारी नांदतात: एक गुरे, दुसरा कायद्यातली जंगम मालमत्ता, तिसरा भांडवल. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ यांतला फरक हा काळाचा फरक आहे. जुन्या फ्रेंचमधला ‘च’चा उच्चार तेराव्या शतकाच्या सुमारास ‘श’कडे वळला, त्या वळणाआधीच्या उच्चाराने आलेले ‘चेंबर’, ‘चेंज’, ‘चार्ज’, ‘मर्चंट’ हे शब्द ‘च’ने बोलले जातात, आणि पुढे आलेले ‘मशीन’, ‘ब्रोशर’, ‘पॅराशूट’, ‘शोफर’ हे ‘श’ने, जरी स्पेलिंग दोन्हींकडे सारखेच असले. जुन्या फ्रेंचमधला व्यंजनापूर्वीचा ‘स’ही असाच कालांतराने गळाला. पाहुणा आणि यजमान या दोघांसाठी वापरल्या जाणाऱ्या लॅटिन शब्दापासून ‘हॉस्पिटल’ झाले, जुन्या फ्रेंचमधून ‘हॉस्टेल’ आले, आणि ‘स’ गळून गेल्यानंतर ‘हॉटेल’ आले.

याच कुळातला चौथा शब्द मराठीत आहे. ‘इस्पितळ’ हा पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीज ही फ्रेंचप्रमाणेच लॅटिनची लेक असल्याने गोवा, वसई आणि कोकण यांच्या वाटेने मराठीत शिरलेले अनेक शब्द इंग्रजीच्या लॅटिन थराशी थेट नाते सांगतात. ‘पाव’ हा भाकरीसाठीच्या ‘पानिस’पासून झाला, त्याच शब्दापासून सोबत भाकरी खाणारा तो ‘कम्पॅनियन’, त्यावरून ‘कंपनी’, आणि भाकरी ठेवायची खोली ती ‘पँट्री’. ‘चावी’च्या मुळाशी ‘क्लाविस’ आहे, आणि किल्लीबंद दालनात होणारी पोपच्या निवडीची ‘कॉन्क्लेव्ह’ त्याच घरातली. ‘पगार’ आणि इंग्रजी ‘पे’ या दोहोंचे मूळ शांत करणे, समाधान करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात सापडते. ‘पाद्री’ हा ‘पॅटर्नल’चा आणि म्हणून दूरान्वयाने ‘पित्या’चाही नातलग, तर ‘नाताळ’ हा ‘नेटिव्ह’, ‘नेशन’, ‘नेचर’ यांच्या पंगतीतला, आणि या सर्वांच्या तळाशी असलेला जन्मवाचक धातू हा संस्कृत ‘जन्’चा सहोदर. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच लुप्त भाषेतून निघाल्या असाव्यात असा विचार मांडला. त्याची प्रचीती घेण्यासाठी मराठी माणसाला स्वतःच्या बोलण्यातले शब्द पुरेसे आहेत.

इतके सारे असूनही या पद्धतीबद्दल अवास्तव दावे होत आले आहेत, आणि त्यांपासून सावध राहणे आवश्यक आहे. मिनेसोटा विद्यापीठातील जेम्स ब्राउन यांनी १४ शब्द असे निवडले की त्यांतले लॅटिन-ग्रीक धातू आणि २० उपसर्ग मध्यम आकाराच्या कोशातल्या १४ हजारांहून अधिक शब्दांत आढळतात. निरीक्षण मौलिक आहे. पण धातू ओळखता येणे म्हणजे शब्द येणे नव्हे, हे सांगायचे राहून जाते आणि विद्यार्थ्याला जादूची किल्ली हाती आल्याचा भास होतो. दिसायला सारखे असलेले धातू प्रत्यक्षात वेगळे असू शकतात: ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ हा लॅटिन पायाचा, तर ‘पेडियाट्रिक’मधला ग्रीक मुलाचा, ‘होमिसाइड’मधला ‘होमो’ लॅटिन माणसाचा, तर ‘होमोजीनियस’मधला ग्रीक ‘समान’ या अर्थाचा, ‘लिबर्टी’ आणि ‘लायब्ररी’ यांचा तर परस्परांशी काहीच संबंध नाही. ‘इन’ हा उपसर्ग कधी नकार दाखवतो आणि कधी ‘आत’. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे अशी समजूत करून घेणे तर धोक्याचेच, कारण त्याचा अर्थ चटकन पेट घेणारे असा आहे. शिवाय अर्थ सरकत जातात. ‘प्रिव्हेंट’चा धात्वर्थ आधी येणे, ‘मॅन्युफॅक्चर’चा हाताने करणे, तर कळपाबाहेरचा, म्हणून उठून दिसणारा, अशा स्तुतिपर अर्थाचा ‘इग्रीजियस’ आज केवळ घोर चुकीसाठी वापरला जातो. म्हणून धातूवरून अर्थाचा अंदाज बांधावा, तो कोशात ताडून पाहावा, आणि कोशाने अंदाज खोटा ठरवला तर अर्थ कोणत्या वाटेने सरकला हे शोधावे. असा शब्द सहसा विसरला जात नाही.

छटांचा प्रश्न याहून नाजूक आहे. एकाच कल्पनेसाठी इंग्रजीत पुष्कळदा तीन थरांचे तीन शब्द असतात: ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरॉगेट’; ‘फायर’, ‘फ्लेम’, ‘कॉन्फ्लॅग्रेशन’; ‘किंगली’, ‘रॉयल’, ‘रीगल’. पहिला जर्मानिक आणि घरगुती, दुसरा फ्रेंच आणि किंचित औपचारिक, तिसरा लॅटिन आणि ग्रंथी. त्यांची अदलाबदल करता येत नाही; मित्राला पत्ता विचारताना ‘इंटरॉगेट’ वापरले, तर पोलिसी चौकशीचा वास येतो. नव्याने लॅटिन शब्द शिकलेला विद्यार्थी तोच वापरण्याचा हट्ट धरतो आणि त्याचे इंग्रजी जड होते. मराठीत ‘पाणी’ म्हणायच्या जागी ‘जल’ म्हटले की वाक्य जसे अवघडते, तसेच हे असते, आणि मराठीत ज्याला ही जाण आहे त्याने ती इंग्रजी वाचताना जागी ठेवावी.

नॉर्मन लुइस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ साली प्रथम प्रसिद्ध झालेले पुस्तक भारतात अजूनही या वाटेवरचे पहिला सोबती असते आणि ते चांगलेच आहे. पण त्याच्या जोडीला व्युत्पत्ती देणारा एक मध्यम आकाराचा इंग्रजी कोश हवा. शब्द पाहिल्यावर अर्थापाशी न थांबता नोंदीतील चौकटी कंसात दिलेली वंशावळ वाचावी, शब्द फ्रेंचमधून आला की थेट लॅटिनमधून हे पाहावे, आणि वहीचे एक पान एका धातूला देऊन त्याखाली शब्द भेटतील तसे, वाक्यासह, टिपत जावे. आरंभासाठी पाहणे, नेणे, घेणे, धरणे, करणे, ठेवणे, पाठवणे, येणे, जाणे, वळणे, लिहिणे, बोलणे, ओढणे, फेकणे आणि उभे राहणे या अर्थांचे पंधरा धातू पुरेत. त्यांपैकी उभे राहणे आणि नेणे यांचे संस्कृत सहोदर तर मराठीत स्थान, स्थिती, भार अशा रूपांनी रोज तोंडी असतात. वैद्यक आणि विज्ञान यांच्या परिभाषेचा मोठा वाटा ग्रीकमधून आलेला असून त्याचे जोडशब्दांचे नियम वेगळे आहेत. तो अभ्यास या पंधरा धातूंवर हात बसल्यानंतर हाती घेतलेला बरा.